लुओफू पर्वतावर कोणी गेलंय का? मदत हवी आहे

सध्या शेनझेनला आहे, आई आलीये. ग्वांगडोंगमधल्या लुओफू पर्वतावर जायचंय. चौथ्या शतकात गे होंग हा ताओपंथी वैद्य तिथेच राहिला. हिवतापावर छिंगहाव नावाची वनस्पती मूठभर घेऊन पाण्यात भिजवून, पिळून रस प्या, असं त्यानं लिहून ठेवलं. त्यावरून चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना ही वनस्पती न उकळता तिचा अर्क काढायचं सुचलं. त्यांचं २०१५चं नोबेल त्यातून मिळालेल्या हिवतापाच्या औषधाचं. आणि छिंगहाव म्हणजे आपल्या दवण्याची चुलत बहीण! जोतिबाला वाहतो तोच दवणा, हे ऐकल्यापासून आई हटूनच बसलीये.

छोंगशू मंदिर आणि औषधं धुवायच्या कुंडापर्यंत पायऱ्या किती? तिचे गुडघे दुखतात. छिंगहाव लावलेली बघायला मिळते का? आणि तिथलं ते हिरवं बाटलीतलं तेल चेक-इन बॅगेत चालतं का?