शब्दचर्चा : ‘एडीएचडी’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती

नमस्कार. एका बालविकास केंद्रासाठी एडीएचडीवरचं (अटेन्शन-डेफिसिट/हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे ज्यात लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं) माहितीपत्रक मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. अशी पत्रकं एरवी फक्त आईवडिलांसाठी असतात. हे मात्र शाळकरी मुलांच्या पालकांसाठी आहे, कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी आहे, आणि मुलाची तपासणी चालू असताना मध्येच ‘डॉक्टर, माझंही आयुष्यभर असंच झालंय’ म्हणणाऱ्या बापांसाठी आणि आयांसाठीही आहे. असे पालक पुष्कळ निघतात, कारण ही गोष्ट घराण्यात चालत येते.

आजवर वाचनात आलेले शब्द : अतिचंचलता, एकाग्रतेचा अभाव, अवधान-अभाव अतिचंचलता विकार, अवधान-न्यूनता अतिक्रियाशीलता विकार. पहिला तोंडात बसतो, पण तो ऐकला की डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांचं वांड पोर येतं. बँकेत नोकरी करणाऱ्या चाळिशीच्या बाईला ‘तुम्हाला अतिचंचलता आहे’ सांगितलं तर तिला ते आपल्याबद्दल वाटणारच नाही. लांबलचक नावं तर कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. शिवाय आजार, विकार, दोष, अवस्था यांतलं काय घ्यावं? जे लोक रोज हे बोलतात त्यांनी कृपया सांगावं.

मानसोपचारतज्ज्ञ

ताई, इंग्रजीतही हे नाव एका जागी राहिलेलं नाही, तेव्हा मराठीत गोंधळ आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने लक्ष एका जागी न ठरण्याच्या त्रासावर लिहिलं होतं. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, पण त्यांनी त्याला ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ ठरवलं. पुढे काही दशकं ‘मेंदूला झालेली सूक्ष्म इजा’ हा शब्द चालला. इजा दाखवता येईना, म्हणून मग ‘सूक्ष्म बिघाड’. मनोविकारांच्या १९६८ च्या अमेरिकी वर्गीकरणात ‘बालवयातली अतिचलन-प्रतिक्रिया’ असं नाव होतं. म्हणजे सगळा भर वळवळण्यावर आणि विकार फक्त मुलांचा.

तो भर हलवला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी. ही मुलं हालतात ते दिसतं, पण खरी अडचण लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला थांबवण्यात आहे, असं त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. १९८० साली नावात ‘लक्ष’ आलं, १९८७ साली आजचं एडीएचडी. आपलं ‘अतिचंचलता’ हे अजून १९६८ च्या जागीच उभं आहे. माझा त्याला विरोध आहे तो यासाठी.

वयाचं म्हणाल तर त्याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या सुधारणेत दोन बदल झाले. लक्षणं सातव्या वर्षाच्या आत दिसलेली असावीत ही अट बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली, आणि सतरा आणि त्यापुढच्या वयाच्यांना लक्षणांच्या एका गटातल्या (लक्ष न टिकणं हा एक गट, अतिचलन आणि उतावळेपणा हा दुसरा) नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी मानली गेली. मोठ्या माणसांकडे पाहून नियम बदलले ते असे. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर मुलांमध्ये प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं, प्रौढांमध्ये अडीच टक्क्यांच्या. वय वाढतं तशी धावपळ कमी होते. विसरणं, लांबणीवर टाकणं, वेळेचा अंदाज चुकणं ही लक्षणं मात्र टिकून राहतात.

‘आजार’ मी टाळतो. आजार म्हटलं की पुढचा प्रश्न ‘बरा कधी होणार?’ हाच येतो. ‘दोष’ तर नकोच. ‘विकार’ ठेवा.

प्राथमिक शिक्षक, नगर जिल्हा

डॉक्टरसाहेबांनी नावाचं सांगितलं. मला वाटतं, नावापेक्षा क्रियापदाकडे बघायला हवं. प्रगतिपुस्तकातला आमचा ठरलेला शेरा : ‘हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष देत नाही.’ देत नाही! म्हणजे त्याच्याजवळ आहे आणि तो मुद्दाम देत नाही. ते मूल घरी मार खातं ते या ‘देत नाही’पायी. तीच आई डॉक्टरांकडे गेल्यावर काय म्हणते? ‘ह्याचं लक्षच लागत नाही हो.’ ते बरोबर आहे.

तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची वही सांगतो. फळ्यावरून उतरवून घेतलेलं आहे. तारीख, वार, धड्याचं नाव सुवाच्य, खाली पट्टीने रेघ मारलेली. पहिल्या दोन ओळी नीट. तिसऱ्या ओळीपासून शब्द गळायला लागतात, वेलांट्या राहतात, पाचव्या ओळीत वाक्य मध्येच थांबतं आणि समासात पेनने काढलेली बारीक नक्षी सुरू होते. दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा तारीख, वार, रेघ सगळं जागच्या जागी. आळशी मूल रेघ मारत बसत नाही. ही रोज नव्याने सुरुवात करते आणि रोज तिथेच सुटते. ती मुलगी खोडकर नाही, जागेवरून उठत नाही, कुणाला त्रास देत नाही. म्हणून ‘अतिचंचल मुलं कळवा’ असं पत्रक आलं तर तिचं नाव कुणीच कळवणार नाही. बाकावरून तीनदा पडणाऱ्या मुलाचं नाव पहिलं जाईल.

भाषा शिकवणारी

सर, तुमच्या मुद्द्याला व्याकरणाचा भक्कम आधार आहे. लक्ष देणे, लक्ष घालणे, लक्ष ठेवणे, लक्ष पुरवणे यांत कर्ता माणूस आहे. लक्ष लागणे, राहणे, उडणे, जाणे यांत कर्ता ‘लक्ष’च आहे. ‘माझं लक्ष उडालं’ म्हणताना मी काही केलेलं नसतं. आणि मराठीत याहून नेमकी सोय आहे ती शक्य क्रियापदांची. ‘मी बसत नाही’ आणि ‘मला बसवत नाही’. ‘तो वाचत नाही’ आणि ‘त्याला वाचवत नाही’. एक ‘व’ आला की इच्छा आणि क्षमता वेगळ्या होतात. एडीएचडीबद्दल जे पानपानभर समजावून सांगावं लागतं, ते या एका अक्षरात आहे. पत्रकातली लक्षणांची यादी शक्य क्रियापदांत लिहा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘जागेवर बसत नाही’ ऐवजी ‘फार वेळ एका जागी बसवत नाही’. ‘रांगेत थांबत नाही’ ऐवजी ‘आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही’.

शब्दच हवा असेल तर जुन्या मराठीतला ‘अचपळ’ सुचवू का? समर्थांच्या करुणाष्टकांत मन अचपळ आहे, आवरता आवरत नाही. इथला ‘अ’ नकाराचा नाही. अचपळ म्हणजे फारच चपळ. ‘अवधान’ही आपलंच आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो.

मानसोपचारतज्ज्ञ

अवधान चालेल. अचपळ सुंदर आहे, पण पत्रकात नको, आणि हे मी जरा आग्रहाने सांगतो. करुणाष्टकांतलं मन तुमचं-माझं, सगळ्यांचं आहे. तो शब्द आला की उपायही तिथलाच येतो : मनाचा निग्रह कर, रोज ध्यानाला बस. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना घरच्यांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलेलं असतं. सगळ्यांचंच मन भरकटतं. निदान करताना आम्ही पाहतो की लक्षणं किमान सहा महिने आहेत का, घर आणि शाळा किंवा घर आणि कचेरी अशा दोन ठिकाणी तरी आहेत का, बालपणी होती का, आणि त्यांच्यामुळे शिक्षण, नोकरी, नातं यांचं प्रत्यक्ष नुकसान होतंय का. थायरॉइड, झोप, चिंता, नैराश्य हेही तपासावं लागतं, कारण त्यांतही लक्ष लागत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारातला अनुवंशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर येतो. २००७ सालच्या मेंदूच्या चित्रणांत दिसलं की मेंदूचं बाह्यक (बाहेरचा थर) या मुलांमध्येही त्याच क्रमाने वाढतं, पण सरासरी तीन वर्षं मागे असतं. याला निग्रहाचा अभाव म्हणणं अन्याय आहे.

इंग्लंडहून एक वाचक

माझं निदान चाळिशी उलटल्यावर झालं, लेकाच्या पाठोपाठ. म्हणून धागाकर्तीताईंच्या प्रश्नातली ती बँकेतली बाई मीच आहे असं वाटलं. लहानपणापासून मला मिळालेले शब्द सांगते : धांदरट, वेंधळी, विसरभोळी, लग्नानंतर गबाळी, आणि नोकरीत आरंभशूर. ‘धरसोड वृत्ती’ हा तर वडिलांचा लाडका शब्द. यातला एकही शब्द दवाखान्याचा रस्ता दाखवत नाही. सगळे स्वभावाचे शब्द आहेत. मुलग्याला किमान शाळेतून ‘फार हलतो’ म्हणून कुणी डॉक्टरांकडे पाठवलं. धांदरट मुलीला कोण पाठवणार?

इथे जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची प्रश्नावली भरून घेतली. तिचा पहिला भाग सहा प्रश्नांचा आहे. पहिलाच प्रश्न असा काहीसा : एखाद्या कामातला अवघड भाग उरकल्यावर शेवटचे बारीकसारीक तपशील पुरे करणं तुम्हाला किती वेळा जड जातं? मी तिथेच थांबले. माझ्या कपाटात बाह्या न लावलेले तीन झबले आहेत. गळा, काज, अस्तर हे सगळं अवघड काम झालेलं, फक्त बाह्या राहिल्या. आरंभशूर म्हणणाऱ्यांना वाटायचं मला सुरुवातीचीच हौस आहे. खरं तर मधलं कठीण काम मला झेपतं, शेवट उरकत नाही. ‘उरकत नाही’ हेही तुमच्या ‘बसवत नाही’च्या रांगेतलंच ना, बाई?

एक विनंती. ‘लक्ष नसणं’, ‘लक्षाचा अभाव’ असं लिहू नका. आवडीच्या कामात माझं लक्ष इतकं लागतं की दूध उतू जातं, हाक ऐकू येत नाही. लक्ष आहे. ते कुठे लागावं आणि कधी सुटावं हे माझ्या हातात राहत नाही. अभाव म्हटलं की नवरा म्हणतो, मग विणताना कसं बरोबर लागतं?

मानसोपचारतज्ज्ञ

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो : ‘मोबाइलवर तासभर बसतो की!’ ताईंनी दिलेलं उत्तर पत्रकात जसंच्या तसं घाला. अडचण लक्षाच्या साठ्याची नाही, त्याच्या नियमनाची आहे. (ती सहा प्रश्नांची यादी चाळणी आहे, निदान नव्हे, हेही छापा. नाहीतर लोक घरी भरून औषध मागायला येतात.)

आता औषधांच्या शब्दांकडे वळू, कारण तिथे जास्त नुकसान होतं. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या वर्गाला मराठीत ‘उत्तेजक’ लिहितात. हा शब्द लोकांनी वाचलेला असतो तो क्रीडा पानावर, ‘उत्तेजक चाचणीत खेळाडू दोषी’ अशा मथळ्यात. आई म्हणते, आधीच एवढा उड्या मारतो, वर उत्तेजक कशाला? दुसऱ्या बाजूला कित्येकांची समजूत की हे गुंगीचं औषध आहे, मूल शांत व्हावं म्हणून देतात. दोन्ही चूक. ते मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही रसायनं जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास. भूक मंदावते, झोप लांबते, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहत राहावं लागतं. भारतात ते अमली पदार्थ कायद्याखालच्या यादीत असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यामुळेही घरचे दचकतात. ॲटोमॉक्सेटिन हे वेगळ्या जातीचं, त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. मी ‘उत्तेजक’ न लिहिता औषधाचं नाव लिहितो आणि ‘लक्ष टिकायला मदत करणारं’ एवढंच म्हणतो.

नुसत्या गोळ्यांनी सगळं होत नाही, हेही लिहा. १९९९ साली अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांत मुख्य लक्षणं काटेकोर औषधोपचाराने जास्त आटोक्यात आली, पण ज्यांना सोबत पालक-प्रशिक्षण आणि शाळेतली मदत मिळाली, त्यांना औषधाचा डोस कमी पुरला.

एक पालक, ठाणे

दिव्यांगत्वाच्या दाखल्यांबद्दल एक ओळ जरूर टाका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. आम्ही हेलपाटे घातल्यावर हे कळलं. दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र असतात, म्हणून अध्ययन अक्षमतेची तपासणी वेळेत करून घ्यावी. आणि ‘गतिमंद’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. आमच्या सोसायटीत एकदा कुणीतरी तो वापरला आणि मुलगा दोन आठवडे खाली खेळायला गेला नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव ‘एडीएचडी’च ठेवते, कारण रिपोर्टवर तेच असतं आणि पालकांनी तेच शोधावं. खाली स्पष्टीकरणात ‘अवधान-नियमनाचा विकार’. सुरुवातीचा मजकूर असा केला आहे :

‘एडीएचडी असलेल्या माणसाचं लक्ष नको तिथून सुटत नाही आणि हवं तिथे टिकत नाही. फार वेळ एका जागी बसवत नाही. पाळी येईपर्यंत थांबवत नाही. हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत उरकत नाही. ही लक्षणं लहानपणी सुरू होतात आणि वयानुसार कमी होतात. मुली आणि मोठी माणसं यांच्यात धावपळ दिसेलच असं नाही.’

प्राथमिक शिक्षक, नगर जिल्हा

‘अवधान-नियमन’ सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, पण खालची वाक्यं इतकी सरळ आहेत की चालून जाईल. आमच्या केंद्रातल्या शाळांना पाठवायला मला प्रती लागतील.

मानसोपचारतज्ज्ञ

एकच बदल. ‘वयानुसार कमी होतात’ हे काढा. तेवढं वाचून दहावीनंतर लोक औषध आणि येणं दोन्ही बंद करतात. त्याऐवजी : ‘वयानुसार रूप बदलतात. अठरा वर्षांनंतर बालरोगतज्ज्ञांकडून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागतं, त्यासाठी जुने रिपोर्ट आणि प्रगतिपुस्तकं जपून ठेवा.’ प्रौढपणी निदान करताना बालपणाचा पुरावा लागतो, आणि बहुतेकांच्या घरात तो त्या शेऱ्यांतच सापडतो.