मधाचा बॉक्स वरच, पण राणीजाळी काढून

हिवाळ्यात मधमाशांच्या पेटीत मधाने भरलेला जड बॉक्स खाली ठेवा, म्हणजे पेटी वाऱ्यात हलत नाही, असं इथे एकाने सुचवलंय, ते वजनापुरतं खरंय, पण माशांच्या दृष्टीने उलटं पडतं. थंडीत साधारण १४ अंशांच्या खाली पारा गेला की माशा घोळका करून बसतात आणि मध खात खात हळूहळू वरच सरकतात, खाली उतरत नाहीत, म्हणून पिल्लांचा बॉक्स खाली आणि मधाचा त्याच्यावर. वाऱ्यासाठी पट्टा बांधा ना सरळ.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाहीये, दोन बॉक्समधली राणीजाळी (राणीला वरच्या मधाच्या बॉक्समध्ये जाऊ न देणारी जाळी) हिवाळ्याआधी काढाच! कामकरी माशा जाळीतून वर जातात, राणीला जाता येत नाही, घोळका वर गेला की ती खाली एकटी गारठून मरते आणि त्या दिवसांत नवी राणी तयार होणं जवळपास अशक्य, कारण मिलनाला नर नसतात. अर्धे रिकामे बॉक्ससुद्धा काढून टाका, उगाच मोकळी जागा कशाला. झाकणाखाली मात्र उबेसाठी जाड थर हवाच, नाहीतर माशांच्या श्वासातली वाफ गार झाकणाला लागून पाणी होतं आणि घोळक्यावर टपकतं, कोरडी थंडी त्या सोसतात, ओली नाही सोसत.