प्रतिसाद: ६२०४ बेअरिंग ॲल्युमिनियम हाउसिंगमध्ये फिरते

तुम्ही विचारलेत की २० मिमी शाफ्टवरचे ६२०४ बेअरिंग (बाहेरचा व्यास ४७ मिमी) ॲल्युमिनियम हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या भागात, जागेवर का फिरते. शाफ्ट एच६ आणि हाउसिंग एच७ (मापात किती फरक चालेल ते सांगणारे टॉलरन्सचे कोड), दोन्ही 'स्टँडर्ड' म्हणून ठेवलेत, गडबड तिथेच आहे. शाफ्ट फिरतो, म्हणजे आतली रिंग घट्टच हवी. २० मिमी शाफ्टला के६ द्या: +१५/+२ मायक्रॉन, म्हणजे २० मिमीपेक्षा २ ते १५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जाड. एच६ (०/−१३) मध्ये नशिबाने घट्ट, नाहीतर १३ मायक्रॉनपर्यंत सैल.

बाहेरच्या रिंगचा प्रश्न तापमानाचा आहे. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ५० अंश तापमान वाढले की हाउसिंगचे ४७ मिमीचे बोअर (भोक) बेअरिंगपेक्षा सुमारे २६ मायक्रॉन जास्त उघडते. एच७ मध्ये थंड असतानाच ० ते ३६ मायक्रॉन मोकळीक असते, मग रिंग सरकणारच. त्याहून घट्ट एन७ केलेत तरी एवढ्या उष्णतेत खात्री नाही. माझे मत: हाउसिंगमध्ये स्टीलची फ्लँजवाली (कडेला कॉलर असलेली) स्लीव्ह, म्हणजे नळी, बसवा, तिचे बोअर के७ ठेवा आणि फ्लँज बोल्टने आवळा. नुसती दाबून बसवलेली स्लीव्हही गरम झाल्यावर सैल होते.

दोन्ही फिट घट्ट केल्यावर बेअरिंगच्या आतली, गोळ्या आणि रिंगमधली मोकळीक कमी होते, म्हणून सी३ (जास्त मोकळीक असलेले) बेअरिंग घ्या. शाफ्टच्या खांद्याची (पायरीची) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, १ मिमीच्या आत हवी, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही. शाफ्टवर दाबताना जोर आतल्या रिंगवरच द्या; बाहेरच्या रिंगवर दाबल्यास गोळ्यांचे ठसे ट्रॅकवर उमटतात.

आणि वर्कशॉपला नुसती स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेल) पाठवू नका. मॉडेलमध्ये माप २०.००० च असते, त्यामुळे मशीनवर तेच कापले जाते. पीडीएफ ड्रॉइंगवर शाफ्टचे माप २०.००२–२०.०१५ असे स्पष्ट लिहा.