मुंबई–न्यूयॉर्क पाच तासांत: दहा वर्षांत खरंच होईल का?

मेधा_नाशिक

नमस्कार. माझी लेक न्यू जर्सीत असते. ह्यांच्या पायात मध्यंतरी रक्ताची गाठ झाली होती, तेव्हापासून डॉक्टरांनी सलग बसून राहायला मनाई केलीय. मुंबईहून थेट विमान म्हटलं तरी सोळा तास, शिवाय नाशिक ते सहार गाडीत. गेल्या दिवाळीला जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

बूम नावाच्या कंपनीचं चाचणी विमान ध्वनीपेक्षा वेगाने उडालं, अमेरिकेने जमिनीवरून अशा वेगाने उडण्यावरची जुनी बंदी उठवायचं ठरवलं, अशा बातम्या वाचल्या. जावई म्हणतात, दहा वर्षांत पाच तासांत न्यूयॉर्क. मला एवढंच विचारायचंय की हा धंदा म्हणून टिकेल का, आणि टिकला तर मुंबईच्या वाट्याला येईल का? तांत्रिक लिहिलंत तरी चालेल. मी बँकेत होते, आकडे कळतात.

एरो_पुणे

काकू, जावईबापू बरोबर आहेत असं मला वाटतं. बूमचं एक्सबी-१ हे छोटं विमान २८ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटावर मॅक १.१ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.१ पटीच्या पुढे गेलं. सरकारी पैशावर नाही, खाजगी कंपनीने केलंय हे. नासाचं एक्स-५९ ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचा आकारच असा आहे की ध्वनीचा वेग ओलांडल्यावर होणारा स्फोटासारखा आवाज जमिनीवर दबक्या ठोक्यासारखा ऐकू यावा. आणि आपण तरी कुठे मागे आहोत? डीआरडीओने सप्टेंबर २०२० मध्ये स्क्रॅमजेट, म्हणजे अतिवेगासाठीचं इंजिन, मॅक ६ च्या आसपास चालवून दाखवलं. मॅक ६ ने मुंबई–न्यूयॉर्क दोन-अडीच तासांत होतं. माझ्या पिढीला हे बघायला मिळणार, याबद्दल मला शंका नाही.

वसई_डिस्पॅच

मेधाताई, आखातातल्या एका विमान कंपनीत मी फ्लाइट डिस्पॅचर होतो, आता निवृत्त होऊन वसईत असतो. विमान कुठल्या वाटेने जाईल, इंधन किती घेईल हे ठरवायचं आणि कॅप्टनच्या सहीशेजारी आपली सही करायची, हे आमचं काम. त्यामुळे नव्या विमानाची बातमी आली की मी वेग नंतर बघतो, आधी पल्ला बघतो.

बूम बनवणार असलेल्या ओव्हर्चर या प्रवासी विमानाचा जाहीर पल्ला ४,२५० नॉटिकल मैल, म्हणजे ७,८७० किलोमीटर. मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजार. थेट उड्डाणाचा विषय इथेच संपला. मग लंडनला थांबून? मुंबई–लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर, पण सरळ रेषेत जातं कोण? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा एअर इंडियाच्या दिल्ली–अमेरिका विमानांना वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. इराण-इराकवर काही झालं की वाट आणखी लांबते. पश्चिमेला जाताना हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोराचा वारा, समोरून येतो. लंडनला धुकं असलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं इंधन हवं, त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याएवढं राखीव. हे सगळं धरल्यावर त्या ७,८७० मधलं शिल्लक राहतं काय? भरलेल्या विमानाच्या अशा प्लॅनवर मी सही केली नसती.

बरं, एवढं करून वेगही मिळत नाही. मुंबई सोडल्यावर अरबी समुद्र आणि आखात एवढंच पाणी, पुढे लंडनपर्यंत जमीनच जमीन. ओव्हर्चर समुद्रावर मॅक १.७ ने आणि जमिनीवर मॅक ०.९४ ने जाईल असं कंपनीच सांगते. हिशेब मांडा. लंडनपर्यंत आठ तास, इंधन भरून निघायला दीड, अटलांटिक साडेतीन. सोळाचे तेरा झाले, आणि भाडं बिझनेस क्लासचं.

हे आपल्याकडे एकदा घडून गेलंय. कॉन्कॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं जुनं प्रवासी विमान. एअर इंडियाने अशा दोन विमानांसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. १९७२ च्या विक्री-दौऱ्यात ते विमान मुंबईला येऊनही गेलं. पुढे सत्तरच्या दशकातच नोंदणी सोडून दिली. जानेवारी १९७६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने लंडन–बहारीन सुरू केलं, डिसेंबर १९७७ मध्ये ते सिंगापूर एअरलाइन्सबरोबर सिंगापूरपर्यंत नेलं. तीन फेऱ्या झाल्या आणि मलेशियाने आपल्या हद्दीवरून जायला हरकत घेतली. १९७९ मध्ये पुन्हा सुरू केलं, पण भारताने आपल्या जमिनीवर ध्वनीपेक्षा जास्त वेग मंजूर केला नाही. १९८० मध्ये मार्ग बंद. विमानात खोट नव्हती, त्याला वाट मिळाली नाही. या विषयावर बोलताना लोक इंजिनाबद्दल तासन् तास बोलतात आणि नकाशा उघडत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॉन्कॉर्डने पैसे कमावले ते लंडन–न्यूयॉर्कवर. साडेपाच हजार किलोमीटर, जवळजवळ सगळं पाण्यावरून, आणि दोन्ही टोकांना बँका आणि वकिलांच्या पेढ्या. लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेला माणूस न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊच्या सुमाराला उतरायचा, म्हणजे अख्खा दिवस हातात. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश एअरवेजने आपल्या प्रवाशांना विचारलं, तुमच्या तिकिटाला किती पडले असतील? बहुतेकांनी खऱ्या भाड्यापेक्षा जास्त आकडा सांगितला, कारण पैसे कंपनी भरायची. मग भाडं तिथपर्यंत चढवलं, आणि तो मार्ग नफ्यात आला. तेव्हा प्रश्न असा घाला: ज्याला तिकिटाची किंमत माहीतही नसते अशी माणसं रोज कुठल्या दोन शहरांत ये-जा करतात, आणि त्या शहरांमध्ये समुद्र आहे का? अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात.

आता इंधन. कॉन्कॉर्डचं उड्डाणाचं जास्तीत जास्त वजन १८५ टन, त्यात इंधनच ९५ टनांपर्यंत, आणि माणसं शंभर. बोइंग ७८७ तेच अंतर ४० टनांच्या आसपास इंधनात अडीचशेच्या वर माणसं घेऊन कापतं. कारण असं की मॅक २ ला पंखाची उचल हवेच्या विरोधाच्या जेमतेम सातपट मिळते, साध्या जेटला सतरापटीच्या आसपास. शिवाय उड्डाणाला आणि ध्वनीचा वेग ओलांडताना आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूला जादा इंधन जाळून जोर वाढवणं, लावावा लागायचा. ओव्हर्चर मॅक १.७ वर थांबतं आणि आफ्टरबर्नर टाळतं, हा निर्णय मला पटतो. पण पंखाचं गणित त्यालाही सुटलेलं नाही.

एरो_पुणे, तुझा उत्साह मला आवडला, असाच ठेव. पण डीआरडीओची ती चाचणी वीस सेकंदांच्या आसपासची होती, आणि हेतू क्षेपणास्त्राचा. नंतर जमिनीवरच्या चाचण्यांत ते इंजिन बराच जास्त वेळ चाललं, तरी प्रवासी विमानाला दोन तास, रोज, वर्षानुवर्षं चालायचंय. कॉन्कॉर्डचं नाक मॅक २ ला १२७ अंशांपर्यंत तापायचं आणि विमान हवेत वीसेक सेंटीमीटर लांब व्हायचं. मॅक ५ ला हवा जिथे अडते तिथे तापमान हजार अंशांच्या आसपास जातं. खिडकी, रबरी सील, टायर, सगळ्याचा विचार नव्याने करावा लागतो. ब्रिटनची रिअॅक्शन इंजिन्स ही कंपनी मॅक ५ च्या वेगाचं इंजिन बनवत होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये पैशांअभावी बंद पडली. या वेगाला आज गिऱ्हाईक आहे ते सैन्य.

हडसनकाठ

गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. मी जर्सी सिटीत राहतो, कामानिमित्त लंडनला जाणं होतं. परतताना लंडनहून सकाळी निघून न्यूयॉर्कची सकाळचीच मीटिंग गाठता आली तर आमचे वरचे लोक नक्की पैसे मोजतील. जाताना, म्हणजे पूर्वेच्या दिशेला मात्र तेवढं नाही. रात्री न्यूयॉर्कहून निघायचं, आडवं झोपायचं, सकाळी लंडनला कामावर. २००० साली बिझनेस क्लासमध्ये सपाट बिछाना आला तेव्हापासून रात्रीचं विमान फुकटात वेळ वाचवतं. आता विमानात वायफायही असतं, त्यामुळे सात तास वाया गेले असं कुणी म्हणत नाही. मुंबईला येताना तर मी झोपूनच येतो, तिथे तीन तास वाचवायला दुप्पट पैसे द्यायची माझी तयारी नाही.

एरो_पुणे

काका, पण अमेरिकेने जून २०२५ च्या आदेशाने जमिनीवरची बंदी उठवायला सांगितलीय. उद्या भारत आणि आखातही तसंच करतील. मग नकाशाची अडचण राहते कुठे?

वसई_डिस्पॅच

राहते, कारण आवाज न करता जायचं तर वेगाला मर्यादा आहे. उंचावर हवा थंड, तिथे ध्वनीचा वेग कमी. खाली हवा गरम, तिथे जास्त. विमान ध्वनीपेक्षा थोडंच पुढे असलं तर त्या स्फोटासारख्या आवाजाचा धक्का खाली येता येता वळतो आणि वरच्या वर निघून जातो. एक्सबी-१ च्या उड्डाणात जमिनीवर आवाज आला नाही तो यामुळे. पण ही युक्ती मॅक १.१ ते १.३ एवढ्यातच चालते, तीही त्या दिवशीच्या हवामानावर. न्यूयॉर्क–लॉस एंजेलिसला त्याचा उपयोग होईल. आपल्या वाटेवर आठ-दहा देशांनी वेगवेगळी परवानगी द्यायची आहे, आणि यातले काही देश एकमेकांना साधं आकाशही देत नाहीत.

मेधा_नाशिक

आकडे नीट कळले, सगळ्यांचे आभार. म्हणजे धंदा होईल, पण आमच्यासाठी नाही, असंच ना? आणि कुठली बातमी आली तर खरं मानायचं, तेही सांगा. ह्यांना काय सांगू, हा प्रश्न आहेच.

वसई_डिस्पॅच

होय ताई. अटलांटिकवर लहानसा धंदा होईल असं मला वाटतं, आणि व्हावा अशी इच्छाही आहे. युनायटेड आणि अमेरिकन या अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी अनुक्रमे १५ आणि २० ओव्हर्चर विमानांची मागणी नोंदवलीय, पण मागणीच्या आकड्यांवर जाऊ नका. कॉन्कॉर्डलाही पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपन्यांची नावं होती, दोघांनी जानेवारी १९७३ मध्ये माघार घेतली आणि शेवटी सेवेत आली फक्त १४ विमानं. बातमी इंजिनाची बघा. ओव्हर्चरच्या इंजिनाच्या कामातून रोल्स-रॉइस २०२२ मध्ये बाजूला झाली, आता बूम स्वतःचं सिम्फनी इंजिन बनवतंय. मोठ्या जेट इंजिनाला अनुभवी कंपन्यांनाही कित्येक वर्षं लागतात. पूर्ण आकाराचं सिम्फनी चाचणीच्या चौथऱ्यावर शेकडो तास पूर्ण जोराने चाललं, अशी बातमी आली की त्यानंतरची वर्षं मोजायला घ्या.

तुमच्या यजमानांसाठी मात्र वाट बघू नका. डॉक्टरांना विचारा की आठ ते दहा तासांचे दोन टप्पे चालतील का, मधे दोन दिवस विश्रांती घेऊन. ते हो म्हणाले तर मुंबई–लंडन दिवसाचं विमान घ्या, म्हणजे उठून फिरता येतं, आणि दोघांना मार्गिकेकडची सीट आधीच मागून ठेवा. लंडनमध्ये राहायचं तर ब्रिटनचा व्हिसा लागेल, त्याची तारीख तिकिटाच्या आधी बघा.