अनुभव धागा: आपल्याच माणसाला मेमो देताना

उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी, संकेश्वर... आपल्या बेळगाव भागात साहेब आणि कामगार बहुतेक एकाच गावचे, निदान एकाच बसचे. हाताखालच्या माणसाला समज द्यायची वेळ आली की जेवण गोड लागत नाही. तुम्ही काय केलंत? कंपनीचं नि माणसाचं नाव नको. सुरुवात मी करतो.

उद्यमबाग, फौंड्री
आमच्याकडचे एक मोल्डर, म्हणजे साचे करणारे. मला काम त्यांनीच शिकवलं, म्हणून मामा म्हणतो. दुपारपाळीला पिऊन यायला लागले. लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, 1400 अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड असतं, तिथं नातं बघून चालत नाही. गेटवरूनच परत पाठवलं. "तू मला सांगतोस काय रे?" म्हणाले नि गेले.

नोटीस ऑफिसनं कानडीत काढली. मामांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून मराठी करून मीच वाचून दाखवली, "आपण कामावर मद्यपान करून आलात..." त्यांना कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. चौकशी होईतो निलंबन. त्या काळात पहिले 90 दिवस निम्मा पगार भत्ता म्हणून मिळतो, हे मामींना घरी जाऊन सांगितलं. मामींनी चहा विचारला नाही. का विचारावा? मामा आता कोअर शॉपला आहेत, भट्टीपासून लांब. बोलतात, पण कामापुरतं.

खानापूर, काजू कारखाना
उशीर झाला की मालक म्हणतात दोनशे काप. दंड त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जात नाही, तोही बाईचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच लावायचा, हे त्यांना छापील दाखवलं तेव्हा गप्प बसले. सकाळची बसच आली नाही तर बाई काय उडून येणार? पण सुटताना गेटवर बायकांच्या ओटीत काजू नाहीत ना, हे तपासायचं काम माझ्याकडंच आहे. त्या रांगेत माझी चुलत जाऊपण असते. तिची ओटी बघताना मी मान वर करत नाही.

निपाणी
चारचौघांत बोलू नये. पाळी सुटल्यावर एकट्याला बोलवावं, दोन मिनिटांत संपवावं.

संकेश्वर, साखर कारखाना
निपाणीकरांशी सहमत नाही. एकट्याला आत घेतलं की 'आत काय ठरलं वो?' म्हणून गावभर चर्चा. मी युनियनचा एक माणूस शेजारी बसवतोच.

शहापूर, पतसंस्था
आमचा पिग्मी एजंट गोळा केलेले पैसे दोन-दोन दिवस उशिरा भरायचा. मेमो काढला, तर संध्याकाळी एका संचालकांचा फोन, "असूदे की, पोरगं आपलंच आहे." भाजीवाल्या बायकापण आपल्याच की! रोजचे वीस-तीस रुपये त्यांचेच. पिग्मी काढून घेतली. आता तो दुसऱ्या संस्थेत अर्ज करतोय, आणि त्यांच्या मॅनेजरनी 'पोरगं कसं आहे' म्हणून मलाच विचारलंय. उद्या परत फोन करणार आहेत. काय सांगू?