हालचालीचा इरादा मेंदूच्या संकेतांतून खरोखर किती आधी ओळखता येतो?

कर्वेनगरकर:
पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही पक्षाघातानंतर बोटे उघडता न येणाऱ्या रुग्णांसाठी मोटर बसवलेला हातमोजा तयार करत आहोत. रुग्णाने हात उघडण्याचे मनात आणताच ईईजीच्या (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत हालचालीच्या) संकेतांतून ते ओळखले जावे आणि मोटर सुरू व्हावी, अशी कल्पना आहे. सध्या धडधाकट स्वयंसेवकांवर चाचण्या चालू असून ते स्वतःच्या मर्जीने, वाटेल तेव्हा, बटण दाबतात. बटण दाबण्यापूर्वीच्या दोन सेकंदांना आम्ही ‘इरादा’ असे लेबल देतो आणि सत्राच्या सुरुवातीला शांत बसवून घेतलेल्या नोंदीला ‘विश्रांती’ असे. नोंदी ०.५ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात, पुढून आणि मागून अशा दोन्ही दिशांनी फिल्टर केल्यावर या दोहोंतला फरक ओळखणाऱ्या संगणकीय मॉडेलची अचूकता नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. प्रत्यक्ष वापरात मात्र मोटर एक तर हात हलून गेल्यावर सुरू होते, नाहीतर माणूस स्वस्थ बसलेला असतानाच चालू लागते. ही तफावत कुठे शोधावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना अभियंता:
हालचालीपूर्वी ईईजीमध्ये दोन निरनिराळ्या खुणा उमटतात. पहिली म्हणजे सज्जता-विभव, अर्थात हालचालीच्या तयारीत मेंदूच्या विद्युत विभवात होणारा संथ बदल. त्यावर कॉर्नह्यूबर आणि डीके या संशोधकांनी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे केलेले संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वेच्छेने केलेल्या हालचालीच्या सुमारे दीड ते दोन सेकंद आधीपासून डोक्याच्या मध्यभागी, सीझेड या जागेभोवती, विभव हळूहळू ऋण होत जाते. मात्र तो सुबक आलेख पुष्कळ हालचालींची सरासरी काढल्यावर मिळतो. त्याची उंची साधारणतः ५ ते १५ मायक्रोव्होल्ट असते, आणि मेंदूची नेहमीची पार्श्वभूमी त्याहून सहज मोठी भरते. पापणीची एक उघडझाप तर १०० मायक्रोव्होल्टच्या पुढे जाते. म्हणून सरासरीत दोन सेकंद आधी वळण दिसले, तरी एकेका प्रयत्नात ते तितक्या आधी ओळखता येईल असे मुळीच समजू नये. एकेका प्रयत्नात थोडाफार भरवसा ठेवता येतो तो शेवटच्या अर्ध्या सेकंदातील तीव्र उतारावर.

दुसरी खूण म्हणजे म्यू (८ ते १३ हर्ट्झ) आणि बीटा (१३ ते ३० हर्ट्झ) या लयींची शक्ती घटणे. उजवा हात हलवायचा असेल तर ही घट प्रथम डाव्या बाजूला, सी३ या इलेक्ट्रोडच्या जागेभोवती दिसते. हालचाल संपल्यावर बीटा उलट उसळी घेतो.

आता तुमची मांडणी पाहू. ०.५ हर्ट्झच्या खालचे सारे कापल्यामुळे सज्जता-विभवाचा मोठा भाग तिथेच गळून पडतो, त्यासाठी ०.०५ किंवा ०.१ हर्ट्झपर्यंत उतरावे लागते, तेव्हा तुमचा ॲम्प्लिफायर तितका खाली जातो का, हे आधी तपासा. दोन्ही दिशांनी चालवलेला फिल्टर बटण दाबल्यानंतरची नोंद बटणाआधीच्या काळात मिसळतो, आणि अशी सोय प्रत्यक्ष वापरात कुणालाच मिळत नाही. (२०१५ मध्ये कॅगल या विदा-विश्लेषण स्पर्धांच्या संकेतस्थळावर वस्तू पकडून उचलण्याच्या ईईजी नोंदींची जी स्पर्धा झाली, तिच्या नियमांतच भविष्यातील नोंद वापरण्यास मनाई होती.) शिवाय बटण दबण्याआधीच स्नायू कामाला लागलेला असतो, कोपरापुढच्या हातावर ईएमजीचे (स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे) इलेक्ट्रोड लावून शून्यक्षण, म्हणजे हालचाल सुरू होण्याचा क्षण, तिथून मोजा, म्हणजे तुमच्या दोन सेकंदांतला किती भाग खरोखर ‘आधीचा’ आहे ते कळेल.

मला सर्वाधिक संशय आहे तो विश्रांतीच्या नोंदीचा. ती सत्राच्या सुरुवातीची आणि इरादा नंतरचा असेल, तर जेल सुकणे, घाम आणि कंटाळा यांमुळे संकेतात होणारा संथ बदलच मॉडेल शिकून बसते. विश्रांतीचे तुकडे दोन हालचालींच्या मधून घ्या, आणि एकमेकांवर चढलेल्या विंडो (नोंदीचे छोटे कालखंड) प्रशिक्षण व चाचणी अशा दोन्हीकडे विखुरू देऊ नका.

अचूकतेची टक्केवारीही बाजूला ठेवा. मॉडेल सेकंदाला दहा निर्णय देत असेल आणि विश्रांतीत त्यातले पाच टक्के चुकत असतील, तर मोटर मिनिटाला तीस वेळा विनाकारण चालेल. विश्रांतीत मिनिटाला किती खोटे इशारे येतात आणि खऱ्या हालचालींपैकी किती स्नायूच्या आधी पकडल्या जातात, हे दोनच आकडे मांडा.

बिबवेवाडी फिजिओ:
वरील विवेचन पटले, परंतु रुग्णाच्या बाजूने काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. ज्याचा हात हलतच नाही, त्याच्याकडून शून्यक्षण मिळवायचा कसा? त्यासाठी इशारा देऊन प्रयत्न करून घ्यावा लागतो, आणि मग इशारा पाहिल्याने उमटणारा मेंदूचा प्रतिसाद इराद्यात मिसळतो. रुग्णाला हात ‘उघडल्याची कल्पना करा’ असे न सांगता ‘उघडण्याचा प्रयत्न करा’ असेच सांगावे. मेंदूच्या ज्या भागाला इजा झाली, तिथली खूण क्षीण किंवा विखुरलेली असू शकते, त्यामुळे धडधाकट तरुणांवर शिकवलेले मॉडेल जसेच्या तसे लागू पडेल, ही अपेक्षा ठेवू नये.

प्रयत्न करताना पुष्कळ रुग्ण दात आवळतात आणि खांदा उचलतात. जबड्याच्या स्नायूंचा संकेत ईईजीवर इतका चढतो की मॉडेल मेंदूऐवजी जबडा वाचू लागते. (आणि आदल्या दिवशी शांपूने डोके धुवून यायला अवश्य सांगा, तेल चोपडलेल्या केसांवर इलेक्ट्रोड नीट लागत नाहीत.)

कर्वेनगरकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. लागोपाठ काही विंडोंनी ‘इरादा’ म्हटल्यावरच मोटर सुरू केली तर खोटे इशारे कमी होतील, पण उशीर वाढेल. तो किती चालेल?

जुना अभियंता:
कप उचलण्यासाठी हातमोजा हवा असेल, तर अर्धा सेकंद उशीर माणूस सहन करतो, मोटरची खोटी हालचाल मात्र सहन करत नाही. तिथे लागोपाठच्या विंडोंची अट घालावी आणि एकदा मोटर चालली की काही सेकंद तिला पुन्हा सुरू होऊ देऊ नये.

बिबवेवाडी फिजिओ:
उपचारासाठी हिशेब वेगळा आहे. मेंदूने आज्ञा सोडली आणि हात उघडल्याची संवेदना परत पोहोचली, यांत काहीशे मिलिसेकंदांपेक्षा अधिक अंतर पडले, तर तो व्यायाम मी हाताने करून देते त्याहून फारसा निराळा उरत नाही. म्हणून तिथे थोडे खोटे इशारे पत्करावेत, मात्र मोटर सावकाश फिरवावी, कारण ताठरलेली बोटे झटक्याने ओढली की ताठरपणा वाढतो. तेव्हा प्रकल्प कशासाठी आहे ते आधी ठरवा, आणि रुग्णांवर एकही चाचणी घेण्यापूर्वी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची परवानगी घ्या. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आताच करा.