‘नोआर’ला ‘कृष्णपट’ म्हणावे का?

प्रश्न : दादरच्या आमच्या चित्रपट मंडळात १९४६ सालचा ‘द बिग स्लीप’ दाखवायचा आहे. पत्रकात मी ‘धनाढ्य घराण्याभोवती फिरणारा कृष्णपट’ असे लिहिले आहे. ‘नोआर’ या गुन्हेगारी चित्रपटांच्या प्रकारासाठी हा शब्द योग्य आहे का? आणि ‘खून’ लिहावे की ‘हत्या’?

उत्तर : ‘कृष्णपट’ कृपया छापू नये. चित्रपटाच्या संदर्भात ‘कृष्ण’ वाचला की मराठी वाचकाला एक तर ‘कृष्णधवल’ आठवते किंवा थेट देव आठवतो. फाळक्यांचा ‘श्रीकृष्णजन्म’ १९१८ सालचा आहे. फ्रेंचमध्ये ‘नोआर’ म्हणजे काळा. पॅरिसमध्ये १९४५ साली ‘सेरी नोआर’ ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी समीक्षक निनो फ्रँक यांनी काही अमेरिकी चित्रपटांना हे विशेषण लावले. हा काळेपणा माणसांच्या वागण्यातला आहे, आणि ती छटा आपल्याकडे ‘काळा पैसा’, ‘काळे कृत्य’ अशा प्रयोगांत साध्या ‘काळा’ शब्दाने येते. परंतु ‘काळा चित्रपट’ म्हटल्याने कोणालाच काही कळणार नाही. त्यामुळे ‘नोआर’ तसाच ठेवावा, असे माझे मत आहे.

‘रहस्यपट’ हा शब्द मला प्रिय आहे, तरी तो येथे अपुरा पडतो. रहस्यपट म्हटले की शेवटी उकल होणार, हे प्रेक्षक गृहीत धरतो. या चित्रपटात स्टर्नवुड घराण्याचा मोटारचालक गाडीसह समुद्रात मृतावस्थेत सापडतो आणि त्याला कोणी मारले, हे अखेरपर्यंत स्पष्ट होत नाही. तरीही चित्रपट अपुरा वाटत नाही, कारण त्याचा जीव दुसरीकडे आहे : ऑर्किडच्या दमट काचघरात चाकाच्या खुर्चीवर पांघरूण घेऊन बसलेला घराण्याचा प्रमुख, तो वृद्ध जनरल, आणि समोर घामाने निथळणारा खासगी गुप्तहेर. मुलीच्या भानगडी बाहेर फुटू नयेत, ही त्या वृद्धाची धडपड आहे. म्हणून ‘कुटुंब’ न लिहिता आपण ‘घराणे’ लिहिलेत, ते मला अगदी नेमके वाटले.

आता ‘खून’. फारसीत याचा मूळ अर्थ रक्त; हिंदीत दोन्ही अर्थ चालतात, मराठीत मात्र रक्ताला आपण रक्तच म्हणतो आणि ‘खून’ गुन्ह्यापुरता राखतो. समासात ‘हत्या’ हवी (आत्महत्या, भ्रूणहत्या), एरवी ‘खून’ अधिक थेट आहे आणि कायद्याच्या मराठीतही ‘सदोष मनुष्यवधा’हून वेगळा गुन्हा म्हणून तोच रूढ आहे. मोटारचालकाच्या बाबतीत मात्र ‘खून’ म्हटले, तर चित्रपटाने अनुत्तरित ठेवलेले आपणच ठरवून टाकतो. तेथे वृत्तपत्रांतली रोजची जोडी कामी येईल : अपघात की घातपात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पत्रकातील ओळ आता अशी केली आहे : ‘धनाढ्य घराण्याच्या दाराशी येऊन थांबणाऱ्या खुनांचा नोआर चित्रपट.’